हुशार पोरांचं शाळेत काय करायचं? नागपूरच्या पालक-शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी सकाळची शाळा सुटली की माझ्या प्रयोगशाळेत दहा-बारा पोरं थांबतात आणि अभ्यासक्रमाशी संबंध नसलेलं काहीतरी करत बसतात. हे बाहेर कळल्यापासून पालकांचे आणि इतर शाळांतल्या शिक्षकांचे मेसेज येतात, आणि ते फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे फक्त आकडा दिला आहे.

१. वर्गात पहिला येणारा आणि प्रज्ञावान, हे एकच ना?

कधी कधी एकच, पुष्कळदा वेगळे. पहिला येणारा विचारलेल्याचं नेमकं उत्तर देतो. प्रज्ञावान मूल कित्येकदा प्रश्नच उलटा करून पाहतं, त्यात रमतं आणि अर्धा पेपर कोरा सोडून येतं. जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकाने १९७८ मध्ये तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात असं मांडलं: सरासरीहून बरी क्षमता, हातातल्या कामाला चिकटून राहणं आणि सर्जनशीलता. त्याचं मला पटलेलं म्हणणं असं की या तीन गोष्टी काही मुलांत, काही काळात, काही विषयांत जुळून येतात. म्हणजे 'प्रज्ञावान' हा कपाळावरचा शिक्का नव्हे. सहावीत भूगोलात जागं झालेलं मूल चौथीत कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

माझी साधी खूण सांगते. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर डबा न उघडता कोण अडून बसलंय ते बघा.

२. आयक्यू चाचणी करून घ्यावी का? किती आला म्हणजे प्रज्ञावान?

कारण असेल तर करा, कौतुकासाठी करू नका. कारण म्हणजे मूल वर्गात अडतंय, वाचन-लेखनात गडबड वाटते (प्रश्न १२), किंवा शाळा आणि घर यांचं मत अगदीच वेगळं आहे. सरासरी १०० धरतात आणि १३० च्या वर साधारण शंभरातली दोन मुलं येतात. रेघ मात्र माणसांनी ओढलेली आहे. १२८ आणि १३१ मध्ये देवाने भिंत घातलेली नाही.

आपल्याकडे दोन चाचण्या जास्त दिसतात. एक बिने-कामत, जी डॉ. कामतांनी १९३४ च्या सुमारास मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. दुसरी मॅलिन यांची, आणि ती तर आपल्या गावची. आर्थर मॅलिन यांनी नागपुरात काम करताना परदेशी चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली. आजही देशभरातले मानसशास्त्रज्ञ ती वापरतात आणि नागपूरकरांना पत्ताच नसतो. चाचणी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडूनच करा. मोबाइलवरच्या 'पाच मिनिटांत आयक्यू'ला कवडीची किंमत नाही.

आकड्याची मर्यादाही ध्यानात असू द्या. लुईस टर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२१ पासून कॅलिफोर्नियातल्या दीड हजारांवर अतिहुशार मुलांचा आयुष्यभर माग काढला. त्याच्या चाळणीतून गळालेल्या दोन मुलांना, विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ यांना, पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

३. वर्गशिक्षक म्हणतात पोरगा खोडकर आहे, लक्ष देत नाही. घरी मात्र तीन-तीन तास एका जागी बसतो. खरं काय?

दोन्ही खरं. जे येतं ते चौथ्यांदा ऐकताना मूल काहीतरी उद्योग शोधणारच. भांडायच्या सुरात शाळेत जाऊ नका. 'आमचा मुलगा तुमच्या वर्गात बोअर होतो' या वाक्यानंतर कोणताही शिक्षक पुढचं ऐकत नाही, मीही ऐकणार नाही. घरी तो ज्यात बसतो ती वही, ते मोडलेलं घड्याळ, ते काय असेल ते घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. आणि हेही सांगते की प्रत्येक खोडकर पोट्टा कंटाळलेला शास्त्रज्ञ नसतो. काही नुसतेच खोडकर असतात, त्यांचंही चांगलं होतं.

४. काम लवकर संपवणाऱ्याला जादा गणितं दिली तर चालेल ना?

मी हेच केलं आणि तोंडावर पडले. सातवीतला एक मुलगा उदाहरणसंग्रह दहा मिनिटांत संपवायचा. मी आधी त्याला वरची वीस गणितं दिली, मग बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवलं. मलाही तेवढाच आराम. दिवाळीपर्यंत तो बाकीच्यांइतकाच हळू झाला. बारकाईने पाहिलं तर पठ्ठ्या शेवटची दोन गणितं मुद्दाम अर्धी ठेवायचा. विचारलं तर म्हणाला, "संपवलं की काम वाढते, मॅडम."

त्याच प्रकारची जास्त गणितं म्हणजे लवकर संपवल्याची शिक्षा. द्यायचं तर कमी आणि अवघड द्या. उदाहरणसंग्रहातली सगळ्यात कठीण पाच आधी सोडवू द्या. पाचही बरोबर आली तर बाकीची पंधरा माफ, आणि उरलेला वेळ त्याचा. हे सगळ्या वर्गाला खुलं ठेवा. ज्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती अशी दोन-तीन नावं त्यात निघतात.

५. माझ्या वर्गात ५८ मुलं आहेत. एका-दोघांसाठी वेगळं काय करणार?

वेगळा पाठ काढू नका, मरून जाल. जे आहे त्यातच थोडी जागा करा. वरच्या प्रश्नातली 'अवघड आधी' ही पहिली युक्ती. दुसरी, फळ्याचा उजवा कोपरा. सोमवारी तिथे एक प्रश्न लिहायचा आणि शनिवारपर्यंत पुसायचा नाही. प्रश्न असा की उत्तर पुस्तकात सापडत नाही, आणि शक्य तर तुम्हालाही पूर्ण येत नाही. 'पावसाळ्यात कुलर काऊन थंड करत नाही?' हा माझा सर्वांत चाललेला प्रश्न. त्याची गोष्ट सातव्या उत्तरात आहे.

तिसरी, प्रकरण सुरू करण्याआधी दहा गुणांची छोटी चाचणी. ज्याला नऊ आले त्याला तेच प्रकरण पुन्हा का ऐकवायचं? त्याला मागे बसून त्या विषयावरचं काही करू द्या. अट एकच की आठवड्याने ते वर्गापुढे मांडायचं. चौथी गोष्ट गटांची. हुशार मुलाला नेहमी कच्च्या मुलांच्या गटात 'मदतीला' टाकतो आपण. आठवड्यातून एक तास त्याला त्याच्या तोडीच्या पोरांत बसवा. पहिल्यांदाच कोणीतरी त्याचं म्हणणं खोडून काढतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

६. मार्क आणले तर सायकल, गिअरची. असं सांगितलं तर अभ्यासाची गोडी लागेल का?

सायकलची लागेल. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मधला प्रयोग आहे. चित्रं काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांचे तीन गट केले. एकाला आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सोनेरी तारा आणि रिबन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला तेच न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगपेनं पुन्हा मोकळी ठेवली, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत बसली. जे आवडीने चाललं होतं त्याची मजुरी झाली.

याचा अर्थ बक्षीस कधीच नको असा नाही. पाढे पाठ करणं, अक्षर सुधारणं अशा मुळातच नीरस कामाला छोटं आमिष चालून जातं. पण मूल जे आपणहून करतंय त्यावर बोली लावू नका. झाल्यावर अचानक तर्री पोहे खाऊ घाला, खुशाल.

'तू हुशारच आहेस' या शाबासकीबद्दलही इथेच सांगते. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर पाहिलं की हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कोडी मागतात, म्हणजे हुशारी उघडी पडायला नको. कष्टाचं कौतुक झालेली अवघड कोडी घेतात. नंतर या विचाराचा बाजार झाला आणि पुढच्या मोठ्या पडताळण्यांत परिणाम लहानच निघाला. तरी वर्गात एक गोष्ट मला रोज दिसते. 'ही दुसरी रीत कशी सुचली तुला?' असं विचारलं की मूल बोलत सुटतं. 'व्वा, हुशार!' म्हटलं की गप्प होऊन पुढच्या शाबासकीची वाट बघतं.

७. सर्जनशीलता शिकवता येते का? ती तर जन्मजात असते ना?

वळण लावता येतं, आणि मारता तर फारच सहज येते. दोन प्रसंग सांगते.

कुलरचा प्रश्न फळ्यावर होता. सगळ्यांची पहिली उत्तरं एकच, 'दमट असते म्हणून'. बरोबर आहे, पण किती दमट झालं की कुलर बंद करावा? आठवीतल्या एका मुलीने घरी दोन तापमापी टांगल्या, एकीच्या टोकाला ओली कापसाची वात गुंडाळली. मेच्या सुट्टीत दुपारी दोघींत १८ अंशांचा फरक. आपल्या शाळा विदर्भात जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हापासून तिने शाळेत मोजणं सुरू ठेवलं. जुलैच्या झडीत फरक २ अंश. कुलर ओल्या तापमापीपलीकडे हवा गार करूच शकत नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या वहीतल्या दोन रकान्यांनी सांगितलं. मग तिने खसच्या ताट्या आणि लाकडाच्या भुशाच्या ताट्या यांची तुलना मांडली. ती फसली, कारण दोन्ही कुलरचे पंखे सारखे नव्हते. फसली हे तिचं तिलाच कळलं, आणि मला तो भाग सगळ्यात मोलाचा वाटला.

दुसरा मारबतीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून काळी-पिवळी मारबत आणि बडगे (पीडांचे मोठाले पुतळे) निघतात, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत. गावाने चालवलेलं हे व्यंगाचं विद्यापीठच. मी वर्गाला सांगितलं की शाळेतली एक पीडा निवडा आणि तिचा बडग्या करा. सामान म्हणजे रद्दी, सुतळी, काड्या, खर्च शून्य. आणि आधी दहा कल्पना लिहायच्या, त्यातल्या पहिल्या तीन बाद. पहिल्या तीन सगळ्यांच्या सारख्याच असतात: दप्तराचं ओझं, गृहपाठ, परीक्षा. नवव्या-दहाव्याला खरी गंमत. एका गटाने तोंडाला बिस्किटाच्या पुड्यांचा चांदीचा कागद लावलेला बडग्या केला. काय तर म्हणे, खिडकीच्या बाजूने बसणाऱ्यांना चमकणारा फळा. मी त्या वर्गात सहा वर्षं शिकवत होते, मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिडकीला पडदा लागला.

बंधनं घाला, पहिली कल्पना नाकारा, फसण्याला गुण कापू नका. माझ्याकडे एवढंच तंत्र आहे.

८. कोणकोणत्या परीक्षांना बसवावं?

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा: राज्य परीक्षा परिषद घेते. इयत्ता मागेपुढे होत आल्या आहेत (आधी चौथी-सातवी, मग पाचवी-आठवी), म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेत विचारा.

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक: सहावी आणि नववीला. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची. लेखीनंतर प्रात्यक्षिक, मग कृतिप्रकल्प आणि मुलाखत असते, म्हणून मला आवडते. क्लासवाले मात्र प्रकल्पही विकत देतात. घेऊ नका.

गणित ऑलिम्पियाड: पहिली पायरी आयओक्यूएम. तीस प्रश्न, तीन तास, पर्याय नाहीत, उत्तर पूर्णांकात. आठवीपासून बसता येतं. वर्गात कधीच न अडलेल्या मुलाला अडण्याचा अनुभव इथे मिळतो. त्यासाठी तरी बसवा, निकाल काही का लागेना.

एनटीएस (राष्ट्रीय प्रज्ञाशोध): १९६३ पासून चाललेली ही परीक्षा २०२१ नंतर थांबली. 'एनटीएस बॅच' म्हणून पैसे मागणाऱ्याला आधी एनसीईआरटीची ताजी सूचना दाखवायला सांगा.

वर्षाला दोन पुरेत. सहा-सात परीक्षांची पावती-पुस्तकं घेऊन फिरणारी पाचवीतली पोरं मी पाहते. त्यांच्याकडे प्रश्न विचारायला वेळ नसतो.

९. सहावीपासून फाउंडेशन क्लास लावला तर हुशारीला धार येईल ना?

वेगाला येईल. आठवड्याचे पाच दिवस क्लास, रविवारी टेस्ट, आणि दहावीत येईस्तोवर पोरगं गणिताकडे बघायला तयार नाही, असं दर वर्षी एखादं तरी येतं. सर्वच क्लास वाईट असं नाही, चांगला शिकवणारा तिथेही भेटतो. तुम्ही मुलाचा आठवडा कागदावर मांडा. कोणी काही न सांगितलेले सलग तीन तास त्यात कुठे दिसतात का? नसतील तर क्लास नको.

१०. दुसरीत आहे, चौथीचं सगळं येतं. एक वर्ग ओलांडू देतात का?

व्यवहारात कठीण. शिक्षणहक्क कायद्याची चौकट वयानुरूप वर्गाची आहे, आणि मुख्याध्यापक सहसा हात घालत नाहीत. मी म्हणते, वर्ग नको, तास ओलांडू द्या. गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसायचं, बाकी दिवस मित्रांत. दोन शिक्षकांच्या वेळापत्रकाचा मेळ बसला की झालं. शाळा कां-कू करत असेल तर २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातला विशेष प्रतिभेच्या मुलांचा भाग (४.४३ पासून पुढे) छापून न्या. शाळा, शाळासमूह आणि जिल्हा पातळीवर विषयवार मंडळं असावीत असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे.

११. आम्ही उमरेडकडच्या खेड्यात राहतो, जिल्हा परिषदेची शाळा. हे सगळं शहरातल्यांसाठीच का?

नाही, आणि काही गोष्टी तुमच्यासाठीच आहेत. जवाहर नवोदय विद्यालय सहावीपासून निवासी आहे, प्रवेश परीक्षेने. आपल्या जिल्ह्याचं नवेगाव खैरीला आहे आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत द्यायची. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि शाळा सरकारी किंवा अनुदानित. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. इन्स्पायर मानक या केंद्राच्या योजनेत शाळा मुलांच्या पाच कल्पना पाठवू शकते, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. अनेक शाळा पाठवतच नाहीत. गुरुजींच्या मागे लागा.

बाकी, निरीक्षणाला लागणारं साहित्य तुमच्या बांधावर आमच्यापेक्षा जास्त आहे. बोंडअळी कोणत्या ओळीत आधी दिसते हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

१२. तोंडी सगळं सांगतो, लिहायला बसला की शून्य. आळशी आहे का?

आळशी म्हणण्याआधी तपासा. प्रज्ञा आणि अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकतात, आणि मग दोन्ही झाकल्या जातात. हुशारीमुळे अडचण दिसत नाही, अडचणीमुळे हुशारी. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे आणि प्रमाणपत्र मिळाल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. दहावीच्या ऐन तोंडावर धावपळ करू नका, पाचवी-सहावीतच पाहा. तोवर वर्गात उत्तर बोलून, आकृती काढून देऊ द्या.

१३. मुलगी सातवीपर्यंत सारखा हात वर करायची. आठवीत एकदम गप्प. काय झालं?

तिलाच विचारा, पण थेट नको, पोळ्या लाटताना वगैरे. 'जास्त शहाणी' हा शेरा या वयात मुलींना फार लागतो, आणि तो कधी कधी शिक्षकांच्या खोलीतूनच आलेला असतो. शिक्षकांनी एक करून पाहावं. प्रश्न विचारून मनात तीन अंक मोजेपर्यंत कोणाचंही नाव घ्यायचं नाही. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, गप्प मुलंही बोलू लागतात.

दुसरं कारण अगदी साधं असतं. जादा उपक्रम संध्याकाळी असला की मुली गळतात. माझा शनिवार दुपारी बाराला संपतो तो त्यासाठीच.

१४. बुद्धिबळाचं वेड आहे, बाकी मार्क घसरले. दिव्या देशमुख झाली ना आपल्या नागपूरची? सोडू का शाळा?

दिव्याने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, रौनक साधवानी १३व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. दोघंही आपल्याच गावचे, आनंदच आहे. पण तुमच्या मुलाची तुलना त्याच्या मागच्या वर्षीच्या खेळाशी करा. हरलेले डाव तो परत मांडून बघतो का? बघत असेल तर वेड खरं आहे, त्याला वेळ द्या आणि मार्कांचं काही काळ सोसा. शाळा सोडण्याची घाई नको. उपस्थितीचं, परीक्षांच्या तारखांचं मुख्याध्यापकांशी लेखी ठरवता येतं.

१५. आधी उत्साही होता, आता कशातच मन लागत नाही. प्रेरणा कशी द्यायची?

झोप, भूक, मित्र हेही सुटलं असेल आणि दोन-तीन आठवडे तसंच असेल तर हा प्रेरणेचा प्रश्न राहिला नाही. भाषणं बंद करा, डॉक्टरांना भेटा. टेलिमानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलतात. फक्त अभ्यासच नकोसा झाला असेल तर प्रश्न ९ मधला कागद पुन्हा काढा.

१६. सुट्टीच्या दिवशी गावात कुठे न्यावं?

गांधीसागरसमोरचं रामन विज्ञान केंद्र आणि तिथलं तारांगण सगळ्यांना माहीत आहे. दोनदा न्या, पण दुसऱ्या वेळी एकाच दालनात दोन तास बसू द्या. सिव्हिल लाइन्सचा अजबबंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा, तिथे एकच वस्तू निवडून तिचं चित्र काढायला सांगा. वर्धा रोडवर मेट्रोचा दुमजली पूल ३.१४ किलोमीटरचा आहे. हा आकडा ऐकून जे पोरगं हसतं त्याला मी लगेच शनिवारी बोलावते.

१७. पोरगा असं काही विचारतो की आम्हालाच येत नाही. आमचं शिक्षण दहावी. काय सांगायचं?

'मलाही माहीत नाही, बघू' एवढंच. एक ऑटो चालवणारे वडील आहेत. मुलाने विचारलं, झिरो माइल खरंच देशाचा मध्य आहे का, फाळणीनंतर तर नकाशाच बदलला. त्यांना उत्तर येत नव्हतं. रविवारी सकाळी सवारी घ्यायच्या आधी ते त्याला तिथे घेऊन गेले. तिथल्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत, ती सगळी पोराने वहीत उतरवली, १.६०९ ने गुणली आणि मोबाइलच्या नकाशाशी ताडून पाहिली. काही जुळली. काही अजिबात जुळत नाहीत. वडिलांचं म्हणणं, तेव्हाचा रस्ता दुसरीकडून जात असेल. पोराचं म्हणणं, मोजणाऱ्याची चूक. वही सध्या माझ्याकडे आहे, आणि येत्या शनिवारी वडीलही येतो म्हणालेत.